हिरव्याचा निळा होतोय: कलम ३७ची नोटीस आलीय, हरकतीत नेमकं काय लिहू?

खाडीपलीकडची

मंडळी, आमचं गाव मुंबई पालिकेच्या हद्दीतच आहे, पण घरी जायला अजून खाडीतली तर (बोट) लागते. नाव मुद्दाम देत नाही, ओळखलंत तर मनात ठेवा. गावठाणाच्या मागचा भाताचा आणि भाजीच्या वाड्यांचा पट्टा विकास आराखड्यात हरित क्षेत्रात आहे. आता तो व्यापारी क्षेत्रात घ्यायचा, म्हणजे नकाशावर हिरव्याचा निळा करायचा, प्रस्ताव निघालाय. पेपरात बारीक टायपात जाहिरात आली. हरकती-सूचना एका महिन्यात द्या म्हणतात.

या पट्ट्यात आमचा तुकडा आहे. सातबारा सामाईक, आजोबांच्या पाच वारसांची नावं. पावसाळ्यात भात, मग वाल, वांगी, मुळा. आई अजूनही पहाटेच्या बोटीने टोपली घेऊन पलीकडे जाते.

गावात सरळ दोन तट पडलेत. व्हॉट्सअ‍ॅपवर एक छापील हरकत फिरतेय: "सदर बदलामुळे पर्यावरणाचा ऱ्हास होणार असून आमचा तीव्र विरोध आहे." खाली नाव-सही टाकायची आणि द्यायची. माझी सही करायला ना नाही, पण याने काही होतं का? ज्यांनी असल्या सुनावण्या बघितल्यात त्यांनी सांगा.

बोरिवलीकर_जुना

ताई, काही होत नाही. सगळं आधीच ठरलेलं असतं. बिल्डर आला की समजायचं.

खाडीपलीकडची

दादा, बिल्डर आलाय हे आम्हाला दिसतंय. पुढचं विचारतेय.

अव्वल_कारकून

महसुलात नोकरी झाली, काही वर्षं नगररचनेच्या टेबलाशीही संबंध आला. जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या पट्ट्याचं नियोजन प्राधिकरण, म्हणजे आराखडा करणारी संस्था, कोण ते नोटिशीत बघा. मुंबईत सगळीकडे पालिकाच असते असं नाही. गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यासाठी एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं होतं, आणि उत्तन तर मिरा-भाईंदरच्या हद्दीत. चुकीच्या दारात टाकलेली हरकत कोणी उचलून योग्य दारात नेऊन देत नाही.

पालिकाच असेल तर हा एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६च्या कलम ३७ खालचा फेरबदल. तो कायदा शांतपणे वाचा, तुमच्या कामाचं बरंच त्यात आहे. हरकत 'कोणीही' घेऊ शकतो, जमीनमालकच असला पाहिजे असं नाही. तुमच्या आईची भाजी घेणारी बोरिवलीतली बाईसुद्धा देऊ शकते. पण ज्यांच्यावर बदलाचा परिणाम होतो त्यांना वेगळी नोटीस बजावायची असते आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं. तुमच्या सातबाऱ्यावरच्या पाचही जणांना नोटीस आली का? नसेल तर हरकतीतलं पहिलं वाक्य तेच.

दुसरं. कलम ३७ फक्त अशा बदलाला आहे की ज्याने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलत नाही. एखाद्या प्लॉटचं आरक्षण इकडचं तिकडे करणं वेगळं, आणि गावाच्या पाठचा अख्खा पट्टा हिरव्याचा निळा करणं वेगळं. पट्टा किती हेक्टर, तो गावाच्या एकूण लागवडीखालच्या जमिनीचा किती हिस्सा, हे आकडे काढा आणि विचारा, हा 'किरकोळ' बदल कसा?

छापील हरकतीचं सांगतो. शंभर आल्या तरी अहवालात त्यांची एकच ओळ होते: "अनेक नागरिकांनी पर्यावरणाच्या कारणास्तव विरोध दर्शविला." समोर उत्तरही छापीलच: "पर्यावरणविषयक नियमांचे पालन करण्याच्या अटीवर." संपला विषय. सर्व्हे नंबर टाकून एक ठोस प्रश्न विचारलात तर त्या प्रश्नाला वेगळं उत्तर लिहावं लागतं. टेबलावरच्या माणसाला हाच त्रास नको असतो.

सात_बारा_आठ_अ

माहिती अधिकार टाका ना ताई. प्रस्तावाची सगळी फाइल मागा.

अव्वल_कारकून

टाका जरूर. पण उत्तराला मुदत ३० दिवसांची आणि हरकतीची मुदत एक महिन्याची. उत्तर हातात येईपर्यंत खिडकी बंद. त्यापेक्षा थेट जाऊन फाइल बघायला मागा. सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत स्थानिक कार्यालयांनी नागरिकांना अभिलेख बघू द्यावेत असं २०१८चं शासनाचं परिपत्रक आहे, त्याची प्रत खिशात ठेवा. नकाशाचा भाग, जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा आणि 'प्रस्तावाची कारणे' एवढं तरी बघून या. प्रस्ताव कोणाच्या अर्जावरून सुरू झाला तेही फाइलच्या पहिल्या काही पानांतच असतं.

काल्हेरचा_पोर

मी भिवंडीच्या बाजूचा, आता अंधेरीत असतो. व्यापारी पट्टा झाल्यावर काय होतं ते आमच्याकडे येऊन बघा. आमच्याकडे तर आधी गोदामं आली आणि झोन मागून आला.

कारण साधं होतं. मुंबईत माल नेला की जकात. मग माल ठेवायचा कुठे, तर जकात नाक्याच्या अलीकडे, हायवेला लागून. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली, सगळी भाताची गावं. शेतमालकाने जमीन द्यायची, दुसऱ्याने पत्र्याची शेड मारायची, परवानगी कोणी विचारली नाही. पुढे ६० गावांच्या त्या अधिसूचित क्षेत्रासाठी एमएमआरडीएला नियोजन प्राधिकरण नेमलं, तोवर गोदामांचं जंगल झालं होतं. २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं हलली नाहीत. उलट ऑनलाइन खरेदीची आणखी मोठी आली.

आम्हाला भाडं मिळालं, खोटं कशाला बोलू. माझं इंजिनीअरिंग त्या भाड्यावर झालं. पण एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही ती सांगतो. गोदामाचं जोतं ट्रकच्या हौद्याच्या उंचीला घेतात, म्हणजे माल सरळ आत ढकलता येतो. जमिनीपासून साधारण चार फूट. चार फूट जोतं म्हणजे चार फूट भराव, आणि ट्रक वळायला पुढचं अंगणही तेवढंच उचलायचं. आमच्या शेजारच्या काकांनी जमीन दिली नव्हती. तीन बाजूंनी भराव झाला आणि त्यांचं शेत मधे खड्ड्यात राहिलं. पहिल्या पावसात बांधावरून पाणी आत आलं ते दिवाळीपर्यंत तिथेच. भात कुजला. दोन वर्षं दम धरला, मग त्यांनीही शेड मारली. त्यांना कोणी जबरदस्ती केली नाही. झोन बदलायचीही गरज पडली नाही.

तुम्ही शेती चालू ठेवायचं म्हणताय ना? मग तुमचा खरा प्रश्न झोन नाही, शेजारचा भराव आहे.

खाडीपलीकडची

बापरे. हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या पट्ट्याचं पाणी एका जुन्या नाल्याने खाडीकडे जातं, शेवटी उघाडी आहे. भरतीला झडप बंद होते, ओहोटीला उघडते. नाला आधीच निम्मा बुजलाय. पट्ट्याची खाडीकडची बाजू सगळ्यात खोल, आणि आमचं शेत तिथेच.

अव्वल_कारकून

ताई, तुमची हरकत सापडली. "सर्व्हे नंबर अमुक ते तमुक या जमिनींचे पाणी ज्या नाल्याने व उघाडीने खाडीस जाते, तो नाला प्रस्तावित नकाशावर दर्शविलेला नाही. त्याची रुंदी, भरावाची कमाल पातळी आणि पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था काय?" नकाशावर नाला खरंच दाखवला नसेल तर हे लिहा, दाखवला असेल तर रुंदी विचारा. सोबत गाव नकाशाची प्रत, उघाडीचा भरतीच्या वेळचा फोटो. 'तीव्र विरोध' हा शब्द एकदाही लिहू नका.

वाड्यातला_धाकटा

सगळे विरोध करणारेच दिसताहेत म्हणून लिहितो. मी अशाच गावचा, आणि मला झोन बदललेला हवाय.

शेती कोण करतंय? लावणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर भाताच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त. आमच्या गावठाणाची हद्द इंग्रजांच्या मोजणीतली. तेव्हा चाळीस घरं असतील, आज चौपट कुटुंबं त्याच हद्दीत. धाकट्या भावाचं लग्न झालं, स्वतःच्या जमिनीवर एक खोली बांधायला गेलो तर पालिकेची तोडायची नोटीस. आणि समोर समुद्राकडे बाहेरच्यांचे बंगले, पार्टी लॉन, रिसॉर्ट उभे. तिथे हिरवा रंग कोणाला आड आला नाही. शहरातल्या लोकांना शनिवार-रविवारी येऊन बघायला हिरवळ पाहिजे, ती आम्ही किती पिढ्या राखायची? खाडीपलीकडच्या ताईंच्या आई टोपली नेतात, त्यांना नमस्कार. पण ताई, तुम्ही नेणार आहात का?

बोरिवलीकर_जुना

+१. हे कोणी बोलत नाही.

खाडीपलीकडची

प्रश्न बरोबर आहे. नाही, मी नाही नेणार टोपली. मी नोकरी करते. पण माझा चुलत भाऊ वाडी करतो आणि त्याचं घर त्यावर चालतं. मी विरोध करायचाच म्हणून धागा काढलेला नाही, काय लिहू ते विचारलंय.

वसईवाली_माई

धाकटे, तुझा राग पटतो रे, पण दोन गोष्टींची सरमिसळ करतोयस. घर बांधायला तुला गावठाण विस्तार पाहिजे. ती मागणी वेगळी, तिचा कागद वेगळा. व्यापारी पट्टा झाला म्हणून तुझ्या भावाला खोली मिळत नाही. पट्टा होतो तो मोठ्या तुकड्यांसाठी, रुंद रस्ता लागून असलेल्यांसाठी. तुझ्या गुंठ्यांना रस्ता कुठला?

आम्ही वसईत हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून बघतोय. तेव्हा हरित पट्टा बांधकामांना मोकळा केला तेव्हा आमचे धर्मगुरू-लेखक फादर दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने रान उठवलं. वाडीत जायला घाबरायची बायामाणसं, पण मोर्चाला गेली. २००९ला महापालिका झाली तेव्हा गावांनी म्हटलं आम्हाला नको तुमची महापालिका. त्या २९ गावांचा घोळ अजून चाललाय, कधी बाहेर, कधी आत. का इतकी वर्षं भांडलो? पालिका वाईट म्हणून नाही. गाव पालिकेत गेलं की नकाशाचा रंग कोणीतरी लांब बसून ठरवतो, हे कळलं म्हणून.

आणि विहिरींचं विसरू नका. आमच्याकडे पश्चिम पट्ट्यात टँकरने पाणी उपसून इमारतींना विकलं, वाड्यांच्या विहिरी खाऱ्या झाल्या. खारं पाणी एकदा आत शिरलं की केळीला नाही, पानवेलीला नाही. हरकतीत विहिरींची यादी द्या. पालिकेची जलवाहिनी किती इंची आणि व्यापारी पट्ट्याला पाणी कुठून देणार, ते विचारा.

सात_बारा_आठ_अ

आणखी एक काम आज रात्रीच करा, घरबसल्या होतं. नोंदणी विभागाच्या साइटवर मोफत ई-सर्च आहे. गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर टाकून मागच्या काही वर्षांचे सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्तांचा उतारा) काढा. पट्ट्यात साठेखतं (पुढे विकायचे करार) आणि कुलमुखत्यारपत्रं किती झालीत ते कळेल. माझ्या अनुभवात नोटीस निघण्याआधीच निम्म्या जमिनी 'बांधलेल्या' असतात. शेतकऱ्याने हिरव्या झोनचा भाव घेतलेला असतो, निळ्याचा भाव साठेखतवाल्याला मिळतो. वाड्यातल्या धाकट्यानेही आपल्या गावचं काढून बघावं, की झोन बदलल्याचा पैसा खरंच गावात येणार आहे का.

वाड्यातला_धाकटा

काढलं. काय निघालं ते इथे लिहीत नाही. घरात बोलावं लागेल.

मुलुंड_पूर्व

आमच्या मिठागरांबद्दल पण लिहा कोणीतरी. मुलुंड, भांडुप, कांजूरची मिळून सुमारे २५६ एकर जमीन धारावी प्रकल्पाला द्यायला केंद्राने २०२४ला मान्यता दिली. तिथे पाणी कुठे जाणार?

संपादक

मुलुंडकर, मिठागरांचा स्वतंत्र धागा आहे, तिकडे लिहावं. इथे कलम ३७च चालू द्या. बोरिवलीकर, तुमचा राजकीय पक्षांवरचा प्रतिसाद उडवला आहे.

पाणथळ

दोन मुद्दे राहिले. एक, खाडीकडची बाजू म्हणजे सीआरझेड, किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, आलाच. २०१९च्या अधिसूचनेनुसार तयार झालेल्या किनारा व्यवस्थापन नकाशात पट्ट्याचा कुठला भाग येतो ते बघा. झोन बदलला तरी सीआरझेड जात नाही, पण विकणारा दलाल हे सांगत नाही. दोन, कांदळवन (खारफुटी). उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८च्या निकालाप्रमाणे कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा आहे. नाला बुजला की गोडं-खारं पाणी मिसळून शेताच्या कडेला कांदळवन वाढतं, ते आलं की तिथे शेतीही करता येत नाही आणि बांधकामही नाही. तुमच्या खोलगट तुकड्याच्या बाबतीत हे नक्की तपासा. निळा रंग लागून हाती काहीच नाही, असं होऊ शकतं.

काल्हेरचा_पोर

हे जबरी आहे. म्हणजे वरच्या बाजूची जमीन गोदामवाल्याला, आणि खालची ना धड शेत ना धड प्लॉट.

अव्वल_कारकून

नेमकं. आणि कोणाच्या मनात नुकसानभरपाईची कल्पना असेल तर आताच काढून टाका. झोन बदल म्हणजे भूसंपादन नव्हे. संपादन आरक्षणाला असतं, रस्त्याला, शाळेला, मैदानाला. पट्ट्यातून नवा रस्ता आखला असेल तर त्या तेवढ्या जमिनीला मोबदला किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क). ते आरक्षण दहा वर्षं नुसतं पडून राहिलं तर कलम १२७ची खरेदी सूचना, म्हणजे जमीन घ्या नाहीतर आरक्षण सोडा अशी नोटीस, देता येते. शेजारचं शेत बुडालं त्याचा मोबदला देणारं कलम या कायद्यात मला तरी नोकरीत सापडलं नाही. म्हणून निचरा आणि भरावाची पातळी मंजुरीच्या अटींतच घालून घ्यायची. नंतर मागून मिळत नाही.

खाडीपलीकडची

धागा वर काढतेय. सुनावणी झाली.

गावातून बऱ्याच जणांनी छापील अर्ज दिले होते. त्यांना एकत्रच बोलावलं, एकाने बोलायचं. आमच्यातले एक गुरुजी बोलले, छान बोलले, साहेबांनी मान डोलावली. लिहून घेणाऱ्या बाईंनी मोजून दोन ओळी लिहिल्या. मी शेजारी उभी होते, दिसत होतं.

नंतर माझा नंबर. साहेब म्हणाले, "विरोध आहे ना?" म्हटलं, सर, आधी नाल्याचं बोलू. सर्व्हे नंबर सांगितले, गाव नकाशा उलगडला, उघाडीचे दोन फोटो ठेवले, एक भरतीचा, एक ओहोटीचा. त्यांच्या नकाशावर नाला होता, पण पट्ट्याच्या मध्यापर्यंतच. पुढे रेषाच नाही, पाणी जणू तिथेच थांबतं. साहेबांनी नकाशा फिरवून स्वतःकडे घेतला आणि मोजणीच्या माणसाला हाक मारली. तो म्हणाला, "जागेवर नाला दिसत नाही सर." म्हटलं, दिसत नाही कारण बुजवलाय, गाव नकाशात आहे. मग पाच-सात मिनिटं त्यांचं आपसात झालं. बाईंनी अर्धं पान लिहिलं. विहिरींची यादीही घेतली. पाचपैकी तिघा वारसांना नोटीस नाही, हे सांगितल्यावर मात्र साहेब जरा चिडले. माझ्यावर नाही, त्यांच्या माणसावर.

मोठे काका समोरच्या खुर्चीत होते, झोन बदलाच्या बाजूने बोलले. त्यांचंही ऐकून घेतलं. गुडघे गेलेत, शेती होत नाही, हे खरंच आहे त्यांचं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "नाल्याचं बरं बोललीस, माझ्याही तुकड्यात पाणी भरतंच." एवढंच. वडापाव त्यांनीच घेतला.

अव्वल काका, पोच घेतली, शिक्का मारून. आता पुढे?

अव्वल_कारकून

शाबास. आता पालिका फेरबदल शासनाकडे पाठवणार, नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन मंजूर-नामंजूर नगरविकास विभाग करणार. म्हणजे निम्मा रस्ता अजून बाकी आहे. सुनावणीचा अहवाल तयार झाला की प्रत मागा, आता माहिती अधिकाराला वेळ आहे. तुमचं अर्धं पान अहवालात अर्धं पानच राहिलं का, की त्याचीही एक ओळ झाली, ते बघा. तीच हरकत, पोचेच्या प्रतीसह, नगरविकासच्या प्रधान सचिवांना आणि संचालकांना स्वतंत्र पाठवा. काकांची सही मिळाली तर घ्या. बदल हवा असणाऱ्यानेच नाला मागितला तर त्या कागदाचं वजन वेगळं.

काल्हेरचा_पोर

आणि ताई, मंजुरीची वाट न बघता कोणी भराव टाकायला लागला तर? आमच्याकडे नेहमी रात्रीच डंपर यायचे.

खाडीपलीकडची

वरच्या बाजूला दोन ढीग पडलेत, परवापासून. मला वाटलं रस्त्याच्या कामाचे असतील.

अव्वल_कारकून

रस्त्याचं काम असेल तर वर्क ऑर्डर असेल, वॉर्डात विचारा. नसेल तर परवानगीशिवायचा भराव म्हणून वॉर्डच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार आजच, प्रत तहसीलदारांना. फोटोत मागचं काहीतरी ओळखीचं येऊ दे, विजेचा खांब, विहीर, म्हणजे जागा कोणती यावर वाद नको. ढिगाची उंची बांधाला टेप लावून दाखवा. डंपरचा नंबर मिळाला तर उत्तम.

वाड्यातला_धाकटा

ताई, रात्री एकटी जाऊ नका फोटो काढायला. चुलत भावाला घेऊन जा. आणि त्या उघाडीच्या अर्जाचा मसुदा इथे टाकाल का? आमच्याकडेही नाला नकाशावर अर्ध्यातच थांबलाय, काल बघितलं.